इंकस्केपमध्ये पोस्टर करायचंय, नेमकी कुठली टूल्स शिकू?

कडकभाकरी:
सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेत यंदा आईचा शेंगा चटणी न कडक भाकरीचा स्टॉल आहे, १२ बाय १८ इंचाचं पोस्टर लागतंय. मोबाईल ॲपवर केलेलं प्रिंट काढलं तर अक्षरं सगळी भुरकट. म्हणून कॉम्प्युटरवर इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे, पण डावीकडं एवढी चिन्हं बघून डोकंच फिरलं ओ. चार दिवसांत पोस्टर होईल एवढंच सांगा.

सत्तरफूट_रोड:
सगळं शिकतंय कोण भावा. कंट्रोल शिफ्ट डी दाबून आधी पानाचा साईज टाक. मग सिलेक्टचा बाण, चौकोनाला आर, गोलाला ई, अक्षरांना टी, नोडला, म्हणजे आकाराच्या कडेवरच्या बिंदूंना एन, बास. पेन टूलच्या नादी आत्ता लागू नको, हात बसायला लै वेळ जातो.
शेंग काढून बघ की. दोन गोल काढ, एकावर एक थोडे चढव, दोन्ही सिलेक्ट करून पाथ मेनूतलं युनियन मार. मग एन दाबून मधल्या खाचेतले दोन नोड धर, शिफ्ट एस, कंबर गुळगुळीत. वेक्टर असल्यानं, म्हणजे कितीबी मोठं केलं तरी फुटत नसल्यानं, हीच शेंग कार्डावर पण चालते न दहा फुटी बॅनरवर पण.

कडकभाकरी:
जमली!! पहिली भोपळ्यासारखी झाली ते सोडा. भाकरीचा फोटो चालतो का?

सत्तरफूट_रोड:
चालतो, पण तो काय आपोआप वेक्टर होत नाही. १२ इंच रुंद छापायचा तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३६०० पिक्सेल पाहिजे, व्हॉट्सॲपवर आलेला नको. फोटोवर गोल ठेवून दोन्ही सिलेक्ट कर न ऑब्जेक्ट मेनूतलं क्लिप लाव, फोटो गोलात बसतो.

मंडळाचा_पोस्टरवाला:
फाँटचं कुणी सांगितलंच नाही. मागं आमच्या मंडळाचं पोस्टर तसंच पाठवलं, प्रेसवाल्याकडं तो फाँट नव्हता, 'सिद्धेश्वर'चं जोडाक्षर फुटून आलं, सगळी छपाई परत, पैसे आमच्याच खिशातनं. फाईलची एक कॉपी ठेव, मग सगळं सिलेक्ट करून ऑब्जेक्ट टू पाथ, म्हणजे कंट्रोल शिफ्ट सी, अक्षरांचे आकार होतात, फाँट लागत नाही, आणि पीडीएफ दे. त्यानंतर अक्षर दुरुस्त होत नाही, त्यामुळं आधी घरच्यांकडून वाचून घे. स्क्रीनवरचा भडक लाल छापल्यावर मळकट येतो, एक प्रिंट काढून बघ आधी.

कडकभाकरी:
आईला दाखवलं. 'शेंगा'वरचा अनुस्वारच राहिलाय म्हणाली.