विमेन्स इलेक्टोरल लॉबी: उमेदवारांना गुण देऊन काय साधलं?

रानवारा: फेब्रुवारी १९७२मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला बिॲट्रिस फाउस्ट यांच्या घरी दहाएक जणी जमल्या आणि विमेन्स इलेक्टोरल लॉबी हा स्त्रियांचा दबावगट उभा राहिला. त्यांनी पक्ष काढला नाही. डिसेंबरच्या निवडणुकीतल्या उमेदवारांना एकच प्रश्नावली दिली: समान वेतन, पाळणाघरं, संततिनियमन, गर्भपात. शक्य तिथे समोरासमोर मुलाखत घेतली, उत्तरांना गुण दिले आणि मतदानाआधी निकाल 'द एज' या वर्तमानपत्रात छापून आणला. दबावगटाने काम कसं करावं याचा हा वस्तुपाठ आहे. त्या निवडणुकीत जिंकलेलं मजूर पक्षाचं व्हिटलम सरकार येताच गर्भनिरोधकांवरचा विक्रीकर गेला. १९७३मध्ये एलिझाबेथ रीड पंतप्रधानांच्या स्त्रीविषयक सल्लागार झाल्या.

तिरकी रेघ: साफ असहमत. हे श्रेय सत्तांतराचं. पाळणाघरांचा कायदा तर १९७२मध्येच, हरलेल्या मॅकमहॉन सरकारने केला होता. मे १९७३मध्ये राजधानी क्षेत्रापुरतं गर्भपात विधेयक आलं आणि ९८ विरुद्ध २३ मतांनी पडलं. तेव्हा खालच्या सभागृहात एकही बाई नव्हती. स्वतःच्या उमेदवार उभ्या न करण्याची ही किंमत.

रानवारा: एका मतदारसंघातून एकच खासदार निवडून जातो तिथे नवख्या गटाची एकही जागा आली नसती. गर्भपातावर तर पक्षादेशच नव्हता, ज्याने त्याने आपल्या मनाने मत दिलं. अशा वेळी प्रत्येक उमेदवाराचं मत आधी लेखी घेऊन ठेवण्याला उलट जास्त अर्थ आहे.

पाणपोई: दोघंही ७२वरच अडकलात. लॉबीचं सगळ्यात मोठं काम १९७४चं, आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही याचं वाईट वाटतं. लवाद न्यायालयाच्या १९०७च्या हार्वेस्टर निकालाने मजुरी ठरली ती पुरुष, त्याची बायको आणि तीन मुलं धरून. बाईला अनेक वर्षं त्याच्या ५४ टक्के, युद्धानंतर ७५ टक्के. डिसेंबर १९७२मध्ये समान मूल्याच्या कामाला समान वेतन मान्य झालं, पण किमान वेतन पुरुषांपुरतंच राहिलं. ही फट एडना रायन यांनी हेरली. किती बायकांच्या कमाईवर घरं चालतात याची आकडेवारी त्यांनी लॉबीतर्फे देशभरचं वेतन ठरवणाऱ्या लवादापुढे मांडली. मे १९७४मध्ये किमान वेतन बायकांनाही लागू झालं.

तिरकी रेघ: रायन यांच्या कामाला तोड नाही, मान्य. पण नर्सिंगसारख्या, जवळपास सगळ्या बायकाच असलेल्या व्यवसायात तुलनेला पुरुष आणायचा कुठून? दोन वेगळ्या व्यवसायांतल्या कामांचं मूल्य ताडून वेतन ठरवावं, ही मागणी लवादाने १९८६मध्ये नर्सेसच्याच प्रकरणात फेटाळली. तिथे किमान वेतनाचा निकाल काय कामाचा?