जिनिंगमधला जिन अन् दारूतला जिन एकच का?

कपाशीवाला: पोट्टीनं डिक्शनरीत जिन पाह्यला तं पयला अर्थ दारू निंगाला, मले म्हनते बाबा तुमी कापूस घेऊन दारूच्या फॅक्टरीत जाता का 😄 मंग हिंगणघाटच्या जिनात गाडी रिकामी करतो थे काय?

वर्धेचा मास्तर: नाई भाऊ, स्पेलिंग तेवढं एक हाये, शब्द येगळे. मशीनचा जिन म्हनजे इंजिनचाच तुकडा, सरकी अन् रुई येगळी करनारं यंत्र, एली व्हिटनी नावाच्या संशोधकानं अमेरिकेत १७९४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दारूचा जिन डच जेनेव्हरवरून, थे जुनिपर झाडाचं नाव. क्रियापद बी होते बरं, कापूस जिन करनं म्हनजे सरकी काढनं.

रुईगाठ: अन् दिव्यातला जिन?

वर्धेचा मास्तर: थो अरबी बावा, त्याचं स्पेलिंगच जे वरून!

कपाशीवाला: सांगतो पोट्टीले, पन थे आता हासतेच