साप, विंचू, कोळी : परदेशी निघालेल्यांसाठी आणि गावी परतणाऱ्यांसाठी अनुभव धागा

कोकणातून बाहेर जाणाऱ्या घरांत व्हिसा, भाडं, थंडीचे कपडे हे सगळं बोलून झालं की कोणीतरी हळूच विचारतं, "तिकडे साप-कोळी फार असतात म्हणे?" ऑस्ट्रेलियाला निघालेल्यांना तर हमखास. उलटी वाटही आहे. वीस-पंचवीस वर्षं बाहेर काढून गुहागर-देवगडला घर बांधणारे, आणि त्यांची तिकडेच वाढलेली मुलं. त्यांना पडवीतल्या पालीचीही धास्ती. दोघांसाठी हा धागा. "आमच्याकडे एकदा काय झालं" हे नको. काय करायचं, किती, कसं आणि का, एवढंच लिहा. ज्यांचा या गोष्टींशी रोजचा संबंध आहे त्यांनी आवर्जून लिहावं.

देवगड, हापूसची कलमं

इथे परत येणाऱ्यांनी नागाची नको, फुरशाची काळजी करावी. सड्यावरचा उघडा कातळ, जांभ्याचे गडगे आणि कलमांच्या बुंध्याशी साठलेला पातेरा ही त्याची घरं. लांबी जेमतेम हात-दीड हात, रंग मातीचा, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी किंवा बाणासारखी पांढरट खूण. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं आणि करकर आवाज येतो. तो आवाज आला की जागच्या जागी थांबायचं, तो कुठून आला ते बघायचं आणि आल्या पावली मागे सरकायचं. बहुतेक दंश हाताच्या बोटांना आणि घोट्याखाली होतात, कारण माणूस दगड उचलतो किंवा अनवाणी चालतो. म्हणून बागेत गुडघ्यापर्यंतचे गमबूट, गडग्याचा दगड हलवायचा तर आधी काठीने किंवा पहारेने, आणि पातेरा हाताने न गोळा करता दाताळ्याने ओढायचा. आंबा पडला म्हणून गवतात सरळ हात घालू नका.

रात्री बॅटरी हवीच. मोबाईलचा उजेड पुरत नाही. तो समोर पसरतो, पायाखाली पडत नाही.

ग्रामीण रुग्णालय, रत्नागिरी जिल्हा (परिचारिका)

दंशानंतरचं लिहिते, कारण नुकसान जास्त तिथेच होतं. कापणं, चोखणं, चुना, तंबाखू, बर्फ, यातलं काही नाही. दोरीने आवळून बांधणं तर मुळीच नाही. फुरसं आणि घोणस यांचं विष रक्त गोठू देत नाही आणि दंशाच्या जागचं मांसही खराब करतं. आवळलं की ते तिथेच कोंडतं, आणि गाठ सोडल्यावर एकदम अंगभर पसरतं. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा. सूज चढल्यावर ते कापून काढावे लागतात. हात किंवा पाय फळकुटाला सैल बांधून हलणार नाही असा करा. रुग्णाला चालवू नका. गाडी मिळत नसेल तर मोटरसायकलवर चालवणारा पुढे, रुग्ण मध्ये, धरणारा मागे. १०८ला फोन करा, पण दहा मिनिटांत दुसरी गाडी दारात येत असेल तर वाट बघू नका.

आमच्याकडे आल्यावर पहिली तपासणी अगदी साधी असते. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरपं करून बघायचं. गोठलं नाही तर विष रक्तात उतरलंय. प्रतिविष साधारण ८ ते १० कुप्यांनी सुरू होतं, सलाईनमधून, सुमारे तासाभरात. लहान मुलालाही तेवढंच, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. सोबत अॅड्रिनॅलिन तयार ठेवावं लागतं, कारण प्रतिविषाची रिअॅक्शन येऊ शकते. परदेशातून फोन येतात की दोन कुप्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवू का? ठेवू नका. घरी देण्याचं ते औषध नाही. त्यापेक्षा जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहेत हे घर बांधतानाच विचारून ठेवा.

मण्यारीचं वेगळं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूजही दिसत नाही. पहाटे पोटात कळ, उलटी, मग पापण्या जड, आणि बोलणं अडखळतं. कोणी सकाळी "पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत" म्हणालं तर अपचन समजून ओवा देत बसू नका. उपाय स्वस्त आहे : खाट, आणि गादीखाली चहूबाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. नुसती सोडलेली मच्छरदाणी सापाला अडवत नाही.

सावंतवाडी, सर्पमित्र

ताईंनी मण्यारीचं लिहिलंय म्हणून ओळखीबद्दल थोडं. घरात भिंतीवर, कौलांच्या वाशांवर दिसणारा पट्टेवाला साप बहुधा कवड्या असतो, बिनविषारी. त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, रंग तपकिरी. मण्यार काळी चकचकीत, तिचे पांढरे पट्टे बारीक, बरेचदा जोडीजोडीने आणि शेपटीकडे जास्त स्पष्ट. ही खूण दुरून बघायची, हातात घेऊन नाही. शंका असेल तर मण्यारच समजा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा गावातल्या जाणकाराला कळवा. धामण, दिवड, नानेटी, हरणटोळ यांना राहू द्या. धामण घराभोवती असणं म्हणजे उंदीर कमी असणं.

आंबोली घाटाच्या बाजूला पावसाळ्यात झुडपांवर चापडा असतो, हिरवा किंवा तपकिरी, तासन् तास एका जागी. भारतात मिळणारं बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर बनतं, चापड्यावर ते चालत नाही. मृत्यू क्वचितच होतो, पण सूज आणि वेदना भयंकर. वाटेवरच्या फांद्या हाताने बाजूला सारायच्या नाहीत, काठीने.

सिडनी, मूळ गुहागर

इकडे निघालेल्यांनो, आधी आकडा बघा. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आला. ऑस्ट्रेलियात हा आकडा वर्षाला दोन-तीनच्या आसपास असतो. साप इथले जास्त जहाल आहेत, पण माणसं बूट घालतात, खाटेवर झोपतात आणि तासाभरात रुग्णालयात असतात. सड्यावर वाढलेल्या माणसाने इथे भिऊन राहायचं कारण नाही.

पण एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. गावचा प्रथमोपचार इथे चालत नाही आणि इथला गावी चालत नाही. इथले बहुतेक धोकादायक साप नागाच्या कुळातले, विष लसीकावाहिन्यांतून वर चढतं, म्हणून इथे दाबपट्टी बांधतात. १० ते १५ सेंटिमीटर रुंदीची इलॅस्टिक पट्टी, निदान दोन. पहिली दंशावर, मुरगळलेल्या पायाला बांधतो तितकी घट्ट. दुसरी बोटांपासून सुरू करून वर, जांघेपर्यंत किंवा काखेपर्यंत. बोटांची टोकं उघडी ठेवा, रंग बघायला. दंशाच्या जागी पट्टीवर पेनाने खूण करा. कपडे काढत बसू नका, वरूनच बांधा. मग फळकूट बांधा, माणूस आडवा, ०००ला फोन. दंश धुवायचा नाही. त्वचेवर उरलेल्या विषावरून रुग्णालयाला सापाचा गट ओळखता येतो. रुग्णालयात पोचून प्रतिविष तयार होईपर्यंत पट्टी सोडायची नाही. चूक होते ती दोन ठिकाणी : पट्टी सैल बांधतात, आणि बांधून झाल्यावर रुग्ण स्वतः चालत गाडीकडे जातो. चाललं की स्नायू विष वर ढकलतात, पट्टीचा उपयोग राहत नाही.

कोळ्यांचं. फनेल-वेब सिडनीच्या आसपासच्या पट्ट्यात, पर्थमध्ये नाही. काळा, तुकतुकीत, नर जास्त विषारी. उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसानंतर ते बिळाबाहेर फिरतात. गॅरेजमधले बूट, जमिनीवर पडलेला टॉवेल, पोहण्याचा तलाव. पाण्यात मेलेला दिसणारा कोळी कित्येक तास जिवंत असतो, हाताने काढू नका. त्याच्या दंशाला सापासारखीच दाबपट्टी. प्रतिविष १९८१ साली आलं, त्यानंतर या कोळ्याने माणूस मेल्याची नोंद नाही. रेडबॅक देशभर : पत्रपेटी, अंगणातल्या खुर्चीची खालची बाजू, कुंडीचा तळ. मादी वाटाण्याएवढी काळी, पाठीवर लाल पट्टा. तिच्या दंशाला दाबपट्टी बांधायची नाही, दुखणं वाढतं; थंड शेक द्यायचा आणि १३ ११ २६ या विषमाहिती केंद्राला फोन करायचा. व्हाइट-टेल चावला की मांस सडतं हे तुम्हाला इथे शेजारी सांगतील. खात्रीच्या १३० दंशांचा अभ्यास झाला, एकातही तशी जखम निघाली नाही.

भिंतीवरचा तळहाताएवढा चपटा कोळी हंट्समन. त्याचाच भाऊबंद आपल्या माजघरात झुरळं खात फिरतो, मादी पोटाखाली पांढरी चकती घेऊन. दोन्हीकडे डबा उपडा ठेवून खालून जाड कागद सरकवायचा आणि बाहेर सोडायचा.

मस्कत, मूळ खेड

आखातात जाणाऱ्यांना साप क्वचितच दिसतो. विंचू मात्र दिसतो, तोही कामाच्या जागी आणि वाळवंटातल्या सहलीत. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट चमकतो. अतिनील बॅटरी स्वस्तात मिळते. अंधार पडल्यावर तंबूभोवती एक फेरी मारली की कळतं. हातमोजे, हेल्मेट आणि बूट जमिनीवर उघडे ठेवू नका. बूट काठीवर उलटे टांगा किंवा पिशवीत बांधून ठेवा, आणि घालताना टाच आपटून झटका. विटांची, फळ्यांची रास उचलताना तुमच्या विरुद्ध बाजूची कड आधी वर करा, म्हणजे आत जे असेल ते तुमच्याकडे न येता पलीकडे निघेल.

वाळूतला शिंगवाला साप अंग पुरून बसतो, नुसते डोळे वर. म्हणून वाळूत अनवाणी नाही. ज्याला उंटकोळी म्हणून घाबरवतात त्याला विष नसतं. ओमानमध्ये फुरशाच्या जातीचे साप आहेत, पण गावचं प्रतिविष इकडे आणायचा विचार करू नका. ते भारतातल्या सापांच्या विषावर बनलेलं असतं. इथला आपत्कालीन क्रमांक ९९९९, अमिरातीत रुग्णवाहिकेला ९९८, सौदीत ९९७.

महाडजवळ, दवाखाना

विंचवाची गोष्ट निघालीच आहे म्हणून. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण जीवघेणा ठरू शकतो तो लहान लाल विंचू. खूप दुखत असेल आणि बाकी काही नसेल तर बहुधा निभावतं. पण भरपूर घाम, हातपाय गार, उलट्या, तेही लहान मुलाला, तर एक मिनिट दवडू नका. विष हृदयावर चाललंय. याच महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन वापरायची पद्धत बसवली, आणि ती आज जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत आहे. गोळी स्वतः आणून देऊ नका, रक्तदाब एकदम उतरतो.

मालवण, रापण आणि ट्रॉलर

जाळ्यात येणाऱ्या समुद्रसापाची शेपूट वल्ह्यासारखी चपटी. तो मऊ असतो म्हणून पोरं हातात धरतात. दंश दुखत नाही, मग अंग जखडतं, लघवी काळसर होते. आपल्याकडचं प्रतिविष त्यावर नाही. ऑस्ट्रेलियात त्याच्यासाठी वेगळं बनतं, तेही आपल्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या वाकड्या नाकाच्या जातीच्या विषावर. म्हणून चिमट्याने किंवा आकडीने उचलून परत पाण्यात. पाकटाचा काटा लागला तर मात्र सोसवेल इतकं गरम पाणी, ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास. दुसऱ्या, बऱ्या पायाने पाणी आधी तपासा, दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही.

लांजा, बांधकाम

परदेशातून घर बांधून घेणाऱ्यांनो, गवंड्याला हे आधीच सांगा. दाराखालची फट ५ मिलीमीटरपेक्षा जास्त नको, खाली रबरी पट्टी. न्हाणीच्या मोरीला आणि पन्हाळीच्या तोंडाला पाव इंची गॅल्वनाइज्ड जाळी, सिमेंटात बसवलेली. नुसती खिळ्यांनी मारलेली जाळी दोन पावसाळ्यांत सुटते. जांभ्याच्या चिऱ्यांमधले सांधे बाहेरून भरून घ्या. लाकूडफाटा, सोडणं, कौलांची रास घरापासून पंधरा-वीस फुटांवर, जमिनीपासून फूटभर उंच. घराभोवती चार फूट खडीचा किंवा सारवलेला मोकळा पट्टा. दाराबाहेरच्या दिव्याला पिवळा बल्ब, किडे कमी येतात, आणि किडे कमी तर बेडूक कमी. फिनेल, गंधक, लसूण शिंपडून साप थांबत नाही, पैसे घालवू नका.

दोडामार्ग, काजू

गोचिडाबद्दल कोणी लिहिलं नाही. २०१६पासून आमच्या भागात गोचिडांतून पसरणारा माकडताप आहे. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे काजूचाच. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा. बागेत पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ, काखा-जांघा-कानामागे नीट बघणं. जर्मनी-अमेरिकेला जाणाऱ्यांनाही हेच. तिकडे जंगलवाटांवर गोचीड लाइम रोग देतं. काढायचं ते टोकदार चिमट्याने, कातडीलगत धरून सरळ वर, न पिळता. रॉकेल, तेल किंवा काडीचा चटका दिला की ते चावल्या जागी लाळ ओकतं आणि जंतू आत जातात. काढल्याची तारीख लिहून ठेवा. ३ ते ३० दिवसांत त्या जागी वाढत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

सिडनी, मूळ गुहागर

एका वहिनींनी विचारलंय की न्यूझीलंडला जाताना यातलं काय न्यावं. तिथे जमिनीवर सापच नाहीत, आयर्लंडातही नाहीत. पट्टीचं ओझं नको. इकडे येणाऱ्यांनी मात्र बॅगेत केरसुणी, सुपारी, ताजे आंबे, बी-बियाणं टाकू नका. जे वनस्पतीचं असेल ते फॉर्मवर लिहा, न लिहिल्यास दंड होतो. पट्ट्या इथे औषधाच्या दुकानात मिळतात, ताणाच्या खुणा छापलेल्या घ्या : बरोबर ताणलं की छापलेला आयत चौकोनी होतो. घरी आणल्या दिवशी एकमेकांच्या पायावर एकदा बांधून बघा, मग एक जोडी गाडीत ठेवा आणि एक दाराजवळ.