हार्डटेलसाठी ड्रॉपर सीटपोस्ट : ट्रॅव्हल १२५, १५० की १७०?

डोंगरवाट

ॲल्युमिनियम फ्रेमची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) आहे, साइझ १७ इंच, चाकं २९ची. वेताळ टेकडीवरच्या वाटा आणि सुट्टीच्या दिवशी घाटातले कच्चे उतार एवढा वापर. उतार आला की थांबून क्लॅम्प सैल करायचा, सीट खाली घ्यायची आणि चढ आला की पुन्हा वर, हे आता नको. ड्रॉपर (चालवतानाच लिव्हर दाबून खालीवर होणारी सीटपोस्ट) घ्यायची ठरवली आहे, पण कोणती, ते ठरत नाही.

माझी उंची १६८ सेंमी. पॅडलिंगसाठी बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक फिरतो त्या जागेच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ६९० मिमी ठेवतो. सीट ट्यूब ४३० मिमी आहे. पुढे दोन चेनरिंग (पेडलपाशी चेन फिरवणाऱ्या दातेरी चकत्या), म्हणजे डावा शिफ्टर जागेवर आहे. डाउन ट्यूबवर केबल आत जायला रबरी बुच लावलेलं एक भोक आहे.

प्रश्न :
१. ट्रॅव्हल (सीट खालीवर होण्याचं अंतर) किती घ्यावा? दुकानात “जास्तीत जास्त घ्या” म्हणतात.
२. सीट क्लॅम्पवर ३४.९ लिहिलं आहे. म्हणजे पोस्टही ३४.९ची लागेल का?
३. डावा शिफ्टर असताना लिव्हर कुठे बसवायची?
४. पावसाळ्यात चिखलात चालवली तर किती टिकते?

---

सह्यचक्र

आधी दुसरा प्रश्न, कारण तिथे चूक झाली तर बाकी सगळं वाया. क्लॅम्पवरचा ३४.९ हा आकडा सीट ट्यूबच्या *बाहेरच्या* व्यासाचा आहे. पोस्ट आतल्या व्यासाची लागते. ३४.९च्या क्लॅम्पखाली बहुतेक वेळा ३०.९ किंवा ३१.६ची पोस्ट असते, आणि या दोन्हींत फरक फक्त ०.७ मिमीचा, डोळ्यांना कळत नाही. सध्याची पोस्ट बाहेर काढा. किमान खोलीची रेघ असते तिच्या आसपास आकडा कोरलेला असतो. नसेल तर व्हर्निअरने पोस्टचा व्यास तीन ठिकाणी मोजा. (३४.९ व्यासाच्या पोस्टही असतात, पण त्यांना क्लॅम्प त्याहून मोठा लागतो.)

३१.६ निघाली तर ३०.९ची ड्रॉपर शिम (फट भरणारी पातळ नळी) लावून बसवता येते. उलटं जमत नाही, आणि ट्यूब आतून घासून मोठी करायच्या भानगडीत पडू नका. २७.२ निघाली तर पर्याय एकदम कमी होतात. आतली नळी बारीक, त्यामुळे ट्रॅव्हल साधारण १००-१२५च्या आसपासच थांबतो आणि सीट थोडी जास्त हलते.

आता ट्रॅव्हल. “जास्तीत जास्त” हे अर्धंच खरं. तुमच्या फ्रेममध्ये *बसेल* तेवढा जास्तीत जास्त, आणि ते दोन मापांवर ठरतं.

पहिलं माप बाहेरचं. ६९० मधून सीट ट्यूबचे ४३० वजा केले की २६० उरतात. सीटच्या माथ्यापासून तिच्या खालच्या रेलपर्यंत (पोस्टचं डोकं धरतं त्या दांड्यांपर्यंत) साधारण ४५ मिमी जातात, तुमच्या सीटवर पट्टी लावून नक्की करा. उरले २१५. म्हणजे क्लॅम्पच्या वरच्या कडेपासून रेलच्या मध्यापर्यंत तुमच्याकडे २१५ मिमी जागा आहे. ड्रॉपरला यात दोन गोष्टी मावायला हव्यात : ट्रॅव्हल, आणि पोस्ट पूर्ण खाली असतानाही फ्रेमबाहेर राहणारा भाग, म्हणजे कॉलर (बाहेरच्या नळीच्या तोंडाशी असलेलं कडं) आणि सीट धरणारं डोकं. या भागाला स्टॅक म्हणतात. जुन्या धाटणीच्या पोस्टमध्ये तो ५५-६० मिमी, नव्यांत त्याहून बराच कमी. १५० अधिक ५५ म्हणजे २०५, बसतं. १७० अधिक ५० म्हणजे २२०, पाच मिमी जास्त. सीट पाच मिमी उंच राहिली तर गुडघ्याला तासाभरात कळतं, तेव्हा “चालून जाईल” म्हणू नका.

दुसरं माप आतलं. लोक हेच विसरतात, आणि पोस्ट परत पाठवायची वेळ बहुधा यामुळेच येते. ड्रॉपर साध्या पोस्टसारखी कापता येत नाही. तिची खालची नळी पूर्ण लांबीची राहते आणि शेवटाला केबलचा ॲक्च्युएटर (केबल ओढली की पोस्ट मोकळी करणारा भाग) असतो. तुमच्या सीट ट्यूबमध्ये सरळ, मोकळी खोली किती आहे ते मोजा आणि इथे लिहा. कसं मोजायचं : जुनी पोस्ट आत सोडा आणि अडेल तिथे क्लॅम्पच्या कडेला पेन्सिलची खूण करा. पोस्ट पूर्ण आत गेली तर ट्यूबमध्ये जेमतेम मावेल अशा जाडीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या. बारीक काठी चालणार नाही, ती वाकलेल्या नळीतूनही खाली उतरते आणि खोटं माप देते.

अडथळा बहुतेकदा बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूंचा असतो. दुकानातून लांब स्क्रू लागलेले असतील तर आखूड लावा, बरेचदा तेवढ्यानेच वाट मोकळी होते.

---

आरे_आणि_आटे

लिव्हरबद्दल. एकच चेनरिंग असती तर डाव्या शिफ्टरच्या जागी हँडलखाली लिव्हर बसते, अंगठ्याने शिफ्टरसारखीच दाबायची. दोन चेनरिंग असताना ती जागा भरलेली. अशा सायकलसाठी हँडलच्या *वर* बसणाऱ्या उभ्या लिव्हर मिळतात. चालतात, पण अंगठा ग्रिपवरून उचलून वर न्यावा लागतो, आणि खडबडीत उतारावर नेमकं तेच नको असतं. पुढेमागे क्रँक एका चेनरिंगचा करायचा विचार असेल तर तो ड्रॉपरबरोबरच करा. शिफ्टर, पुढचा डिरेल्युअर आणि त्याची केबल निघते, लिव्हरला तिची खरी जागा मिळते आणि ड्रॉपरच्या वाढलेल्या वजनातलं बरंचसं परत मिळतं.

लिव्हर घेताना तिचा क्लॅम्प पाहा. हँडलच्या ग्रिपजवळच्या भागाचा व्यास २२.२ मिमी असतो, त्यावर स्वतंत्र क्लॅम्पची कोणतीही लिव्हर बसते. शिमानोच्या आय-स्पेक किंवा स्रॅमच्या मॅचमेकर जोडणीची लिव्हर मात्र तशाच ब्रेकला लागते, दुसऱ्याला नाही.

केबलची की हायड्रॉलिक? आपल्याकडे केबलचीच घ्या. गिअरची साधी इनर (आतली तार) आणि ४ मिमीची आउटर (तिचं बाहेरचं आवरण) कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळते. जुनी रॉकशॉक्स रिव्हर्ब तेलाच्या नळीवर चालायची, हवा काढायचा किट आणि सवयीचा हात नसेल तर ती गावोगाव दुरुस्त होत नाही. २०१९ पासूनची रिव्हर्ब एएक्सएस बिनतारी आहे. केबलचं भोक नसलेल्या फ्रेमला ती फार सोयीची, पण तुमच्या फ्रेमला भोक आहे. तो पैसा चांगल्या टायरना द्या.

अजून एक, केबलचं गोल टोक कुठे अडकतं ते पाहून घ्या. काही पोस्टमध्ये ते पोस्टच्या बुडाशी अडकतं आणि केबल लिव्हरपाशी कसली जाते. काहींत उलट : टोक लिव्हरमध्ये, आणि पोस्टच्या बुडाशी बारीक स्क्रूने कसायचं. पहिली पद्धत कितीतरी सुखाची. दुसऱ्या पद्धतीत आउटरच्या तोंडापासून किती केबल बाहेर ठेवायची ते कंपनीने दिलेल्या मापाने मिमीमध्ये मोजून कसावं लागतं, आणि चुकलं की पोस्ट पुन्हा बाहेर.

---

डोंगरवाट

दोघांचेही आभार. जुनी पोस्ट काढली, तिच्यावर ३१.६ आहे. सीटची उंची रेलपर्यंत ४५च भरली. पाइप घालून मोकळी खोली मोजली तर २३५ मिमी. खालचा पिंजऱ्याचा स्क्रू काढूनही तेवढीच, तिथे आत बसवलेला नटच पुढे येतो.

दोन १५०च्या पोस्ट पाहिल्या आहेत. एकीची एकूण लांबी ४५० आणि स्टॅक ५५, दुसरीची ४१० आणि ५०. तिसरी १७०ची आहे, लांबी ४४०, स्टॅक ५०, आणि तिचा ट्रॅव्हल कमी करता येतो म्हणतात.

---

सह्यचक्र

उत्तम, आता हिशेब सरळ आहे. २३५ मधून २५ मिमी सोडा. बुडाशी केबलची आउटर वळायला तेवढी जागा लागते, नाहीतर ती चेपते आणि लिव्हर जड होते. हाती राहिले २१०.

पहिली पोस्ट : ४५० वजा २१५, म्हणजे २३५ मिमी आत जायला हवी. २१०मध्ये मावत नाही. सीट २५ मिमी उंच राहील. बाद.

दुसरी : ४१० वजा २१५, म्हणजे १९५. पंधरा मिमी शिल्लक राहून बसते. बाहेर ५० अधिक १५० म्हणजे २००, २१५ला पोचायला कॉलरखाली १५ मिमी नळी दिसेल. हे योग्यच आहे, जाड तळव्याचे किंवा पातळ बूट घातले तर सीट खालीवर करायला वाव राहतो.

तिसरी : बाहेर २२० होतात, म्हणून ट्रॅव्हल १० ने कमी करून १६० करावा लागेल. ट्रॅव्हल कमी केला की पूर्ण उघडलेल्या पोस्टची लांबीही तेवढीच घटते, म्हणजे ४३०. आत २१५. पाच मिमी कमी पडतात. १५०वर आणली तर बसेल, पण मग १७०चे पैसे का द्यायचे? (वनअप कंपनीच्या पोस्टमध्ये हे बारीक पट्ट्या घालून १० किंवा २० मिमीने करता येतं. पीएनडब्ल्यू कंपनीच्या लोम पोस्टमध्ये अवजाराशिवाय ३० मिमीपर्यंत.)

दुसरी घ्या. फक्त ऑर्डरआधी खात्री करा की ४१०मध्ये ॲक्च्युएटर धरला आहे. काही कंपन्या तो वगळून लांबी छापतात आणि नेमके तेवढेच मिमी नंतर नडतात. पोस्टच्या आकृतीत बाण कुठून कुठे आहे ते पाहा. आणि ती थेट ३१.६ची मिळत असेल तर शिम टाळा, एक फट कमी.

सध्याची पोस्ट मागे वाकलेली असेल तर हेही लक्षात घ्या : ड्रॉपर बहुतेक सरळ असतात. सीट रेलवर मागे सरकवून आधीची जागा मिळते का ते पाहा.

---

लाल_माती

बसवताना आणि पावसात काय बिघडतं, ते लिहितो.

आउटर भोकातून डाउन ट्यूबमध्ये, बॉटम ब्रॅकेटवरून सीट ट्यूबमध्ये वर. आउटर एकटी ढकलू नका. आधी एक जुनी इनर केबल ओवून घ्या, टोक दिसत नसेल तर लोहचुंबकाने ओढा, मग तिच्यावरून आउटर सरकवा. ब्रॅकेटच्या कोपऱ्यात अडलीच तर क्रँक आणि ब्रॅकेट काढावं लागतं, जोर लावून काही होत नाही. आउटर केबल कटरने कापा, पक्कडीने नाही. कापल्यावर आतली प्लॅस्टिकची नळी चेपलेली असते, ती टोच्याने गोल करा. टोपी दोन्ही टोकांना.

पोस्ट आत सोडताना एका हाताने पोस्ट खाली, दुसऱ्या हाताने हँडलकडून आउटर *ओढत* राहा. नुसती पोस्ट दाबली तर आउटर ब्रॅकेटपाशी गुंडाळी होऊन मोडते. हँडलपाशी थोडी जास्त लांबी ठेवा, पुढे पोस्ट उपसून काढायला ती लागते.

सीट क्लॅम्प ५ न्यूटन-मीटर, फार तर ६. ड्रॉपर हळू वर येते अशी तक्रार असली की सगळ्यात आधी हे बघतात : क्लॅम्प जास्त आवळला की बाहेरची नळी चेपते आणि आतली तिच्यात घासते. क्लॅम्प अर्धा आटा सैल करा आणि लिव्हर दाबून पाहा, झटकन वर आली तर दोष पोस्टचा नाही. सैल ठेवल्यावर पोस्ट फिरते किंवा खाली घसरते का? मग जास्त आवळू नका, नळीला कार्बन फ्रेमसाठी मिळणारी खरखरीत पेस्ट लावा. एरवी तुमच्या ॲल्युमिनियम फ्रेमला ग्रीसचा पातळ हात पुरे.

क्लॅम्प ठीक असेल तर केबल. ढिली असली तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही, पोस्ट मंद. फार ताणली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, सीट बसल्या बसल्या खाली जाते किंवा आपोआप वर सरकते. बॅरल ॲडजस्टर एकेक आटा फिरवून लिव्हरला एखादा मिमी मोकळी चाल ठेवा.

पावसाळ्याचं म्हणाल तर वरून चिखल आणि आतून पाणी, दोन्हींनी मार बसतो. चाकाचा चिखल थेट कॉलरवर उडतो. राइडनंतर नळीचा चकाकता भाग ओल्या फडक्याने पुसा, पोस्ट चार-पाच वेळा खालीवर करा, कॉलरपाशी आलेली काळी रेघ पुन्हा पुसा. प्रेशर वॉशरचा फवारा तिथे मारू नका. चेनचं तेल किंवा डब्ल्यूडी-४० लावू नका, वाळल्या दिवसांत लाल माती त्याला चिकटते आणि सीलखाली सरसकागदासारखी घासते. दोन-तीन भिजलेल्या राइडनंतर पोस्ट उपसून सायकल उलटी करा, सीट ट्यूबमधलं पाणी जाऊ द्या. ते साचलं की इनर गंजते आणि दोष पोस्टवर येतो. पावसाळा संपला की कॉलर उघडून जुनं ग्रीस पुसा आणि सस्पेन्शनचं ग्रीस भरा. आत पितळी किल्ल्या असतात, सीट डावी-उजवीकडे फिरू देत नाहीत. कोणती कुठली होती ते पाहून परत लावा, झिजल्या असतील तर एक नंबर मोठ्या मिळतात. सीटचं टोक किंचित हलणं नव्या पोस्टमध्येही असतं.

आणि सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नका, भिंतीच्या हुकालाही तशी टांगू नका. हवा आणि तेल वेगळं ठेवणाऱ्या कार्ट्रिजमध्ये (पोस्टच्या आतल्या, सीट वर ढकलणाऱ्या भागात) आतला दांडा ओढला गेला की हवा सीलमधून तेलात शिरते, मग सीट स्पंजसारखी दबते. बाइकयोकच्या रिव्हाइव्हमध्ये ही हवा सीटखालून ४ मिमीच्या ॲलन कीने काढून टाकता येते. बंद कार्ट्रिजच्या पोस्टमध्ये अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं, म्हणून घेण्याआधी दुकानदाराला विचारा की ते सुटं मिळतं का.

---

डोंगरवाट

४१० वाल्या पोस्टची आकृती काढून पाहिली, माप ॲक्च्युएटरच्या बुडापर्यंत दिलं आहे, आणि ३१.६मध्येही मिळते. कार्ट्रिज सुटं मिळतं. आता एकच : क्रँक नंतर बदलणार असेन तर आत्ता उभी लिव्हर घेऊ का?

---

आरे_आणि_आटे

नको. हँडलखालचीच घ्या आणि तोवर डावा शिफ्टर ब्रेकच्या आतल्या बाजूला सरकवून तिला ग्रिपशेजारी जागा करा. पुढचा गिअर बदलायला हात थोडा लांबवावा लागेल, पण तो तुम्ही चढ लागण्याआधी बदलता, सीट मात्र उताराच्या मधोमध खाली घ्यावी लागते. बसवण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून शिफ्टरची केबल ताणत नाही ना, तेवढं पाहा.