स्प्रिंगचं एक्सएमएल: बारीक करायचं की मुळासकट उपटायचं?

बीनवाला (धागाकर्ता)
आमच्याकडे स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या १.२ आवृत्तीच्या काळातलं एक ॲप्लिकेशन अजून धावतंय. लायब्ररी वेळोवेळी वर नेली, कुठला भाग कशाला जोडायचा हे सांगणाऱ्या एक्सएमएलला मात्र कुणी हात लावला नाही. टीममधल्या पोरांचा धोशा आहे की सगळं उडवा, ॲनोटेशन (जावा कोडमध्येच लिहायच्या खुणा) लावा. माझं म्हणणं, एक्सएमएल राहू दे, नुसती चरबी काढा.

प्रत्येक सर्व्हिसमागे दोन बीन (स्प्रिंग सांभाळतं ती ऑब्जेक्ट) आहेत: एक 'टार्गेट' शेपटीची खरी आणि तिच्यावर डेटाबेसचे व्यवहार सांभाळणाऱ्या ट्रान्झॅक्शनप्रॉक्सीफॅक्टरीबीनचं वेष्टन. त्या वेष्टनात दर वेळी तोच तक्ता: 'सेव्ह'ने सुरू होणाऱ्या मेथडला रिक्वायर्ड (व्यवहार हवाच), 'गेट'ला रीडओन्ली (फक्त वाचन). २००६ मध्ये स्प्रिंग २.० आलं, तेव्हापासून टीएक्स आणि एओपी नेमस्पेसमुळे (एक्सएमएलमधले तयार टॅगांचे संच) हा तक्ता एकदाच लिहून भागतं. पी-नेमस्पेस वापरलं तर प्रॉपर्टीचे टॅगही बीनच्याच ओळीत बसतात. जावा कोडला हात न लावता फाइल निम्म्याने तरी कमी होईल.

कंपायलरभक्त
साफ असहमत. फाइल निम्मी झाली तरी क्लासचं नाव आत स्ट्रिंग म्हणूनच राहणार ना? नाव चुकलं तर कंपायलर गप्प, ॲप चालू करताना आपटणार. २००९ च्या ३.० पासून कॉन्फिगरेशन थेट जावा क्लासमध्ये लिहिता येतं. ते सोडून २००६ च्या सोयींवर आज मेहनत कशाला?

बीनवाला
एक्सएमएलमधल्या नावांवर आयडीई (कोड लिहायचा एडिटर) लक्ष ठेवतो. शिवाय जोडणी बदलायला रीकंपाइल लागत नाही.

कंपायलरभक्त
फाइल वॉरच्या (सर्व्हरवर चढवायच्या ॲपच्या गठ्ठ्याच्या) पोटात असेल, तर बदल केल्यावर बिल्ड आणि डिप्लॉय चुकतंय का? मग कंपाइलची ती काही सेकंदं वाचवून काय मिळवलं? सर्व्हरवर जाऊन फाइल हाताने बदलत असाल, तर ते वेगळंच दुखणं.

रात्रपाळी
कुठलाही पक्ष घ्या, पण 'सोपं' करायच्या नादात फाइलच्या माथ्यावर डीफॉल्ट-ऑटोवायर 'बायनेम' (नाव जुळेल ती बीन आपोआप जोडायची सेटिंग) टाकू नका. आमच्याकडे एका उत्साही माणसाने तेच केलं. प्रॉपर्टीच्या टॅगांच्या ओळीच्या ओळी गेल्या, सगळे खूश. बायनेममध्ये सेटरच्या (प्रॉपर्टी भरणाऱ्या मेथडच्या) नावाची बीन सापडली नाही, तर स्प्रिंग हूं की चूं करत नाही, प्रॉपर्टी नल, म्हणजे रिकामी राहते. पुढे कुणीतरी बीनचं नाव बदललं. ॲप सुखरूप चालू झालं आणि महिनाअखेरचा जॉब मध्यरात्री नलपॉइंटरवर कोसळला. लांबलचक 'रेफ' (कुठली बीन हवी तिचं नाव) लिहिलेला असता, तर स्टार्टअपलाच बोंब झाली असती. एक्सएमएलचा पाल्हाळ मला म्हणूनच चालतो.

कंपायलरभक्त
हे तर माझ्याच बाजूचं झालं! कन्स्ट्रक्टर इंजेक्शन करा (लागणाऱ्या बीन ऑब्जेक्ट बनतानाच द्या), बीन सापडली नाही तर स्टार्टअपलाच ओरडेल.

रात्रपाळी
कन्स्ट्रक्टर एक्सएमएलमधूनही भरता येतो हो. तो मुद्दा ॲनोटेशनच्या खात्यावर टाकू नका.

जारबंद
थोडं अवांतर. सगळ्या लायब्ररी एकाच जारमध्ये (जावाच्या पॅकेज फाइलमध्ये) कोंबत असाल, तर नेमस्पेस लावण्याआधी बिल्ड तपासा. स्प्रिंगच्या बऱ्याच जारमध्ये मेटा-इन्फखाली 'स्प्रिंग.हँडलर्स' आणि 'स्प्रिंग.स्कीमाज' याच नावांच्या फाइली असतात. मेवन या बिल्ड टूलच्या शेड प्लगइनला त्या एकमेकींना जोडायला सांगितलं नाही, तर एकच उरते आणि नेमस्पेसहँडलर सापडत नाही अशी एरर येते.

बीनवाला
आमचं वॉर आहे, त्यामुळे सुटलो. कंपायलरभक्त, नवीन मॉड्यूल जावा कॉन्फिगरेशनमध्ये लिहायला माझी ना नाही. इम्पोर्टरिसोर्स या ॲनोटेशनने जुनी फाइल त्यात ओढता येते, दोन्ही सुखाने नांदतील. पण चालतं ते सगळं एका दमात हलवणार नाही. सुरुवात ट्रान्झॅक्शनच्या वेष्टनांपासून.

रात्रपाळी
मग ती वेष्टनं एकत्र करण्याआधी एकमेकांशी डिफ करून (ओळीने ताडून) बघा. तक्ता सगळीकडे तोच आहे, असं नुसतं वाटत असतं. ऑडिट लॉगच्या सर्व्हिसला कुणीतरी मुद्दाम 'रिक्वायर्स न्यू' (स्वतंत्र नवा व्यवहार) दिलेलं असतं, म्हणजे मूळ व्यवहार रोलबॅक (रद्द) झाला तरी नोंद राहावी. सरसकट एक नियम लावलात, तर ती नोंदही रोलबॅकबरोबर जाईल. लॉगमध्ये एरर दिसणार नाही ती वेगळीच.

बीनवाला
ऑडिटची फाइल आत्ताच उघडली. आहे, 'रिक्वायर्स न्यू'च आहे. तिला वेगळा ॲडव्हाइस (व्यवहाराच्या नियमांचा तक्ता) ठेवतो.