मदत हवी आहे: ओल्या कातळावर न घसरणारे बूट कोणते? (शनिवारी निघतोय)

उनाडपाऊल (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. शनिवारी पहाटे हरिश्चंद्रगडला निघतोय. माझे बूट ओल्या दगडावर सपशेल घसरतात, परवा तर सोसायटीच्या जिन्यातच घसरलो. नवे घ्यायचेत. ग्रिप चांगली हवी, पाणी आत जायला नको आणि शुक्रवारपर्यंत हातात पडायला हवेत. नुसतं मॉडेलचं नाव सांगितलंत तरी चालेल. जुने धागे चाळले, सगळे 'पावसाळ्यात कुठे जाऊ' छापाचे आहेत, कृपया त्यांच्या लिंका देऊ नका.

कातळवेडा
आत्ताचे बूट कोणते? किती जुने? आणि गडावर कुठून चढणार आहात? जुलै चालू आहे म्हणून विचारतोय.

मिताली
ॲक्शन ट्रेकिंग. डोळे झाकून घ्या. तळ मऊ रबराचा असतो, ओल्या कातळाला बऱ्यापैकी धरतो. दिसायला शाळेच्या पीटीचे वाटतात, पण आपल्याला कुठे लग्नाला जायचंय! एकच तोटा, आत उशी नावालाच असते. डांबरी रस्त्यावर फार चालावं लागलं तर टाचा बोलायला लागतात. वेगळा इनसोल टाकला की भागतं.

रानभूल
आली ॲक्शनभक्त मंडळी. :) अहो, त्यांचा तळ चांगला आहे हे मान्य, पण घोट्याला आधार काय? पाठीवर सॅक, पायाखाली चिखल, आणि घोटा मोकळा. डेकॅथलॉनचे क्वेचुआ ब्रँडचे घोट्यापर्यंतचे घ्या आणि निश्चिंत व्हा.

मिताली
घोट्याला आधार बुटाने मिळत नाही, घोट्याच्या व्यायामाने मिळतो. जड बूट घालून दमलेला पाय जास्त मुरगळतो.

रानभूल
हे तुम्ही फिजिओथेरपिस्टला सांगा.

मिताली
तिनेच सांगितलंय.

डोंगरे काका
आमच्या वेळी हंटर शूज असायचे. कॅनव्हासचे, तळाला रबराचे खडे. भिजले की भिजले, पिळून परत घालायचे. रतनगड, अलंग, सगळं त्यावर झालं. आणि गडावर डोक्यावर हंडा घेऊन चढणारी बाई स्लीपरवर असते, तिला कोणी मॉडेल विचारत नाही.

कातळवेडा
काका, ती बाई त्या वाटेवर रोज चालते. कुठला दगड कधी हलतो हे तिच्या पायाला पाठ आहे. आपण आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी डोंगरावर जाणारी माणसं, आपली तुलना तिच्याशी नको.

धागाकर्ते, माझ्या प्रश्नांची उत्तरं अजून आलेली नाहीत.

उनाडपाऊल
बूट साधेच आहेत, रनिंगचे. दोनेक वर्षं झाली असतील. मॉडेल सांगा ना प्लीज, भांडणं नंतर करा. वॉटरप्रूफ घेऊ का? दुकानदार म्हणाला पावसाळ्याला वॉटरप्रूफच घ्या.

ओढ्याकाठी
दुकानदाराने एकदा पावसात गड चढून दाखवावा. वॉटरप्रूफ बुटाला पडदा असतो, बाहेरचं पाणी तो अडवतो हे खरं. पण सह्याद्रीतल्या पावसात पाणी कापडातून शिरत नाही, वरून शिरतं. ओढा ओलांडताना घोट्याच्या वर पाणी गेलं की बूट भरला. आणि मग तोच पडदा आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर पाय पाण्यात, संध्याकाळी तळव्यांची कातडी पांढरी आणि फोड. बर्फात, थंडीत त्या पडद्याचा उपयोग आहे. इथे जाळीचा बूट घ्या. दहा पावलांत भिजेल, पण पाणी निथळूनही जाईल. मोजे सुती नकोत, सिंथेटिक किंवा लोकरीचे घ्या आणि एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तो फक्त मुक्कामासाठी, कितीही मोह झाला तरी आधी काढायचा नाही.

कातळवेडा
+१. आता ग्रिपचं सांगतो, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये.

चिखलात खोल आणि विरळ दात लागतात. ते मातीत रुततात आणि मधल्या फटींतून चिखल निसटतो. कातळावर याच्या बरोबर उलट. तिथे दात रुतायला जागाच नाही, रबर जितकं मऊ आणि दगडाला टेकणारा पृष्ठभाग जितका जास्त तितकी पकड. म्हणून भलेमोठे दात असलेला कडक तळाचा बूट चिखलात राजा असतो आणि ओल्या कातळावर फजिती करतो. ॲक्शनची ख्याती आहे ती मऊ रबरामुळे. रनिंगच्या बुटांचा तळ डांबरी रस्त्यावर टिकावा म्हणून बहुधा कडक असतो आणि रबर जुनं झालं की आणखी कडक होतं. त्यामुळे तुमचे घसरले यात नवल नाही.

आणि शेवाळ ही तिसरी गोष्ट. हिरवं किंवा काळं बुळबुळीत शेवाळ असेल तर जगातला कुठलाही तळ धरत नाही. तिथे पाय ठेवायचाच नाही. खडबडीत जागा, गवताचा बुंधा, खाच असं बघत जायचं. पाऊल टेकवायचं ते पूर्ण, नुसत्या टाचेवर उतरायचं नाही. नवा बूटही सुरुवातीला घसरतो, साच्याचा गुळगुळीतपणा तळावर असतो. घेतल्याबरोबर खरखरीत फरशीवर घासा आणि निघायच्या आधी दोन-तीन दिवस दिवसभर घालून फिरा.

आता तिसऱ्यांदा विचारतो. वाट कुठली?

सायली_ट्रेक्स
माझाही एक प्रश्न इथेच विचारते, वेगळा धागा नको. माझे चांगले महागातले बूट चार-पाच वर्षं माळ्यावर खोक्यात होते. फारसे वापरलेलेही नाहीत. काल काढले तर तळ आणि वरचा भाग यांच्या मधला थर बिस्किटासारखा चुरा होतोय! फेविक्विकने चिकटेल का?

ओढ्याकाठी
नाही चिकटणार. तो मधला थर पॉलियुरेथेनचा असणार. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी तुटत जाते, याला हायड्रोलिसिस म्हणतात. गंमत अशी की न वापरता बंद खोक्यात, दमट आणि उष्ण जागी ठेवलेले बूट लवकर जातात. वापरातले उलट जास्त टिकतात. गोंद कशाला लावणार, थरच भुगा झालाय. ईव्हीएचा (हलक्या फोमचा) मधला थर असा चुरा होत नाही, तो दबून दबून निर्जीव होतो. घराबाहेर पडायच्या आधी तळ वाकवून, अंगठ्याने दाबून बघायची सवय लावा. हे नाटक नेहमी उतरताना, मधल्या टप्प्यावर होतं. म्हणून माझ्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीला डक्ट टेप गुंडाळलेली असते. सुतळीही चालते, तळासकट बांधायची.

डोंगरे काका
सुतळीवरून आठवलं. शेवाळी कातळावर बुटावरून जुना सुती मोजा चढवा. घसरत नाही.

रानभूल
काका, हे मात्र खरंच चालतं. शंभर पावलांत मोजा फाटतो, पण तेवढीच जागा ओलांडायची असते.

उनाडपाऊल
अहो वाटेचं काय घेऊन बसलात सगळे! बेलपाड्याहून चढतोय. नळीची वाट. लीडरने केलेली आहे. आम्ही नऊ जण आहोत. आता सांगा, ॲक्शन की क्वेचुआ?

कातळवेडा
जुलैमध्ये नळी??

मिताली
बूट राहू द्या. जाऊ नका.

घाटवाटकर
इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नळीची वाट म्हणजे कोकणकड्याला, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या कड्याला, लागून असलेली घळ. बेलपाड्यापासून माथ्यापर्यंत सुमारे हजार मीटरचा चढ, बहुतेक सगळा मोठमोठ्या दगडधोंड्यांतून, मध्ये दोर लावावा लागतो असे कातळटप्पे. कोरड्या दिवसांतही सकाळी लवकर निघालेला गट माथ्यावर पोचेपर्यंत दुपार कलते. गट मोठा असेल तर संध्याकाळ.

पावसाळ्यात ही वाट राहत नाही, ओढा होतो. वरच्या पठारावर पडलेलं पाणी खाली यायची ती जागा आहे. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी माथ्यावर पडला की पुरे. पाण्याबरोबर सुटे दगड येतात आणि त्या अरुंद घळीत बाजूला व्हायला जागा नसते. मधूनच मागे फिरावं म्हटलं तर ज्या टप्प्यावरून चढलात त्यावरूनच पाणी वाहत असतं. यात बुटाचा काय संबंध? तुम्ही पंधरा जोड घेऊन गेलात तरी फरक पडणार नाही.

लीडरने कधी केली होती ते विचारा. नऊ जणांत नवखे किती ते सांगा. दोर, हार्नेस, हेल्मेट किती आहेत तेही सांगा.

उनाडपाऊल
लीडरने डिसेंबरमध्ये केली होती. चार जण पहिल्यांदाच ट्रेकला येतायत, पण सगळे जिमला जातात, फिट आहेत. दोर आहे एक. हेल्मेटचं माहीत नाही. मी बुटांचं विचारलं होतं.

रानभूल
जिम. _/\_

डोंगरे काका
आम्ही भर पावसात...

घाटवाटकर
काका, कृपया नको. हे वाचून कोणीतरी खरंच जाईल.

नभांगण
नळी नाही तर निदान कोकणकड्यावर इंद्रवज्र बघायला सकाळी लवकर जा. ब्रिटिश अधिकारी कर्नल साईक्सने १८३५ मध्ये याच परिसरातल्या इंद्रवज्राची नोंद केली होती. गोल इंद्रधनुष्य आणि मध्ये आपलीच सावली. कड्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे ऊन पाठीशी आणि ढग समोर खाली दरीत असे सकाळीच जुळतात. संध्याकाळी सूर्य समोर असतो, तेव्हा थांबून उपयोग नाही. ऐन पावसाळ्यात सूर्यच दिसत नाही ही वेगळी अडचण. सप्टेंबरअखेर जाऊन बघा.

सायली_ट्रेक्स
वा! फोटो आहे का?

घाटवाटकर
फोटो दुसऱ्या धाग्यावर टाका हो. इथे शनिवारचा प्रश्न आहे.

उनाडपाऊल, गड सोडू नका, वाट बदला. पावसाळ्यात नवख्यांना घेऊन जायचं तर पाचनई. गाव गडाच्या पायथ्याशीच आहे, दोन-अडीच तासांत देवळापाशी पोचता. वाट ओढ्याच्या कडेने आणि कड्याच्या पोटाखालून जाते, अवघड जागी रेलिंग आहे, आणि धबधबे बघायचे तर तिथे रेलचेल आहे.

दुसरी वाट खिरेश्वरहून तोलार खिंडीतून. खिंडीत व्याघ्रशिल्प आहे, ते बघून पुढे रेलिंगचा कातळटप्पा. ती लांब आहे, आणि टप्पा संपल्यावरचं पठार धुक्यात फसवं आहे. एकामागून एक सारख्याच टेकड्या येतात आणि माणसं तिथे तासन् तास गोल फिरतात. धुकं असेल तर वाटाड्याशिवाय नको. बेलपाड्याहून साधले घाट आहे, तो नळीपेक्षा सोपा, पण नवखे चार जण आणि हा पाऊस म्हटल्यावर तोही मी सुचवणार नाही.

मिताली
आणि निघायच्या आधी चौकशी करा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. गडावर मोबाइलला रेंज असेल असं धरून चालू नका. कुठल्या वाटेने चढणार, कधी उतरणार हे घरी एका माणसाला लिहून द्या. अडकलात तर ११२, आणि त्याहून लवकर पोचतो तो पायथ्याच्या गावातला माणूस.

उनाडपाऊल
ठीक आहे, लीडरला हा धागा पाठवला. तो म्हणतो बेलपाड्यात जाऊन पाणी बघून ठरवू.

कातळवेडा
बेलपाड्यात बसून वरचं पाणी दिसत नाही, तोच तर सगळा घोळ आहे. आणि तिथवर पोचलेला नऊ जणांचा गट कधी परत फिरतो का? एक जण 'आता आलोच आहोत तर' म्हणतो आणि बाकीचे सॅक उचलतात. ठरवायचं ते घरी.

उनाडपाऊल
बरं. मी आणि ते चार नवीन, आम्ही पाच जण पाचनईने जातोय. बाकीच्यांचं ते बघतील. लीडर चिडलाय, असू दे. आता तरी बूट सांगा, उद्या गुरुवार आहे.

घाटवाटकर
बाकीच्या चौघांनाही थांबवा, हे तुमच्यावर सोडत नाही पण तुमच्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोचणारं कोणी इथे नाही. लीडरला इथे लिहायला सांगा, मी बोलतो.

मिताली
ॲक्शन. नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचे मोजे घालूनच बघा. उतारावर बोटं पुढे आपटता कामा नयेत, नाहीतर नखं काळीनिळी होतात. नखं आजच कापा. नाडी उतरायच्या आधी परत घट्ट बांधा, वरच्या भोकांना वेढा देऊन, म्हणजे टाच मागे बसते.

रानभूल
मुरगळलात तर मला आठवा.

उनाडपाऊल
धन्यवाद. पाचनईपर्यंत गाडी जाते ना?

ओढ्याकाठी
जाते. राजूरकडून येणार की कोतूळकडून? दुचाकी की चारचाकी? आणि मुक्काम करणार की त्याच दिवशी उतरणार, ते कुठेच लिहिलेलं नाही.