पुढच्या आठवड्यात काय?

कामकाजाची यादी खासदारांच्या हातात असतेच, मग "पुढच्या आठवड्यात काय घेणार?" असं सभागृहात विचारून वेळ कशाला घालवायचा, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. यादी सरकार ठरवतं, आणि ती ऐनवेळी बदलतेही.

सप्टेंबर २०२३ चं विशेष अधिवेशन आठवा. ३१ ऑगस्टला घोषणा झाली, पण विषयपत्रिकेचा पत्ता नाही. सोनिया गांधींनी पंतप्रधानांना पत्र लिहून हेच विचारलं. पुढे जी संभाव्य यादी आली तिच्यात महिला आरक्षण विधेयक नव्हतंच. १९ तारखेला ते पुरवणी यादीतून थेट पटलावर आलं! विधेयक चांगलं की वाईट हा वेगळा मुद्दा. पण अभ्यास करायला वेळ किती मिळाला?

आपल्याकडे संसदीय कार्यमंत्री पुढच्या आठवड्याचं सरकारी कामकाज सांगतात, तेव्हा सदस्य आपापले विषय त्यात घ्या म्हणून मागणी करतात. बहुतेक मागण्या वाऱ्यावर जातात, हे खरं. ब्रिटनमध्ये मात्र दर गुरुवारी सभागृह नेत्याला, म्हणजे सरकारमधल्याच एका मंत्र्याला, पुढच्या कामकाजाबद्दल उभं राहून उत्तरं द्यावी लागतात. तिथेही निम्मे खासदार "या विषयावर चर्चा कधी?" म्हणत मतदारसंघातलं गाऱ्हाणंच रेटतात म्हणा. तरी 'ते विधेयक कुठे अडकलं?' याचं टोलवाटोलवीचं का होईना, उत्तर नोंदीत राहतं आणि पुढच्या गुरुवारी तेच वाक्य मंत्र्यांना ऐकवता येतं.